कवच सारखे, तोंडे निराळी : ट्रायासिक काळातील एटोसॉर काय खात होते?

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षी पाहायला गर्दी होते. एकाच उथळ पाण्यात रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतो. थोड्या अंतरावर चमच्या आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये कायम फट असते आणि तिचा उपयोग तो गोगलगायी व शिंपल्यातले मांस काढायला करतो. पाणी एक, चिखल एक, पण चोची वेगळ्या आणि म्हणून जेवणही वेगळे. पक्षी काय खातो हे पाहायचे असेल, तर त्याची पिसे पाहून फारसे कळत नाही. चोच पाहावी लागते.

साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राणिगटाबाबत शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न आहे. या गटाचे नाव एटोसॉर. हे चार पायांवर चालणारे, पाठीवर, शेपटीवर आणि पोटाखाली हाडांच्या पट्टिकांचे कवच असलेले सरीसृप होते. त्यांच्या कवचाचे तुकडे जगभर भरपूर सापडतात. कवट्या मात्र मोजक्याच. त्यामुळे बराच काळ संपूर्ण गटाकडे एकाच नजरेने पाहिले गेले : जाड कवचाचे, संथ, शाकाहारी प्राणी. गेल्या काही दशकांत नीट अभ्यासलेल्या कवट्यांनी या समजुतीला तडा दिला आहे. कवच दिसायला एका जातकुळीचे असले, तरी तोंडे एकसारखी नव्हती.

एटोसॉर म्हणजे नेमके कोण?

ट्रायासिक काळ सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि २०.१ कोटी वर्षांपूर्वी संपला. त्या काळी सगळे खंड जोडलेले होते. गवत नव्हते, फुलझाडे नव्हती. नेचे, अश्वपुच्छ, सायकड, सूचिपर्णी वृक्ष आणि बिया धरणारी नेच्यासारखी झाडे ही त्या काळातली हिरवळ. याच काळाच्या उत्तरार्धात डायनोसॉर प्रथम दिसू लागले, पण अजून त्यांचे राज्य आले नव्हते.

एटोसॉर डायनोसॉर नव्हते. सरीसृपांच्या ज्या शाखेतून पुढे मगरी आल्या, त्या शाखेतले ते होते. म्हणजे मगरीचे दूरचे चुलते. त्यांचे जीवाश्म युरोप, ग्रीनलंड, उत्तर व दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि भारत येथे मिळाले आहेत. काही जाती मीटरभर लांबीच्या, तर डेस्मॅटोसुकससारख्या जाती ४ मीटरपेक्षा मोठ्या. डेस्मॅटोसुकसच्या खांद्यांवर तर बाहेर वळलेली मोठी शिंगासारखी टोके होती. ट्रायासिक काळ संपता संपता हा सगळा गट नाहीसा झाला.

बारामतीच्या दगडात ते का सापडणार नाहीत

बारामती आणि इंदापूरच्या शिवारात विहीर खणली, तर काळा कातळ लागतो. हा बेसॉल्ट, म्हणजे दख्खनच्या पठारावर थरावर थर पसरलेला लाव्हा. त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. शेवटचा एटोसॉर मेला त्यानंतर १३ कोटींहून अधिक वर्षांनी हा लाव्हा वाहिला. शिवाय वितळलेल्या खडकात हाड टिकत नाही. हाड जपले जाते ते नदीच्या गाळात, तळ्याच्या चिखलात, वाळूत.

कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रांतून एक गोष्ट दिसली. तिथे सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक लागला. मधे ट्रायासिक काळातला गाळाचा थर आढळला नाही. पश्चिम महाराष्ट्रात शेतात मिळणारे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल दगड कधी कधी ‘डायनोसॉरची अंडी’ म्हणून दाखवले जातात. बहुतेक वेळा ते बेसॉल्टचे झिजून गोल झालेले गोटे असतात.

ट्रायासिक प्राण्यांचा माग काढायचा, तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यात, विदर्भापासून तेलंगणापर्यंत, जुन्या गाळाच्या खडकांचा एक लांब पट्टा आहे. तिथे लाव्हाच्या आधीचे थर उघडे पडले आहेत.

नागपूरचे हिस्लॉप आणि मलेरीची लाल माती

या पट्ट्यातल्या जीवाश्मांची गोष्ट नागपूरपासून सुरू होते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. धर्मकार्य आणि शिक्षणाबरोबर त्यांना दगडांचा नाद होता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांतले जीवाश्म यांवर लिहिले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळालेली एक रुंद, आखूड कवटी इंग्लंडला पोचली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव दिले. नावाचा अर्थच ‘आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा’. हा सरीसृप नव्हता, ट्रायासिक काळातला उभयचर होता. पण महाराष्ट्राच्या मातीतून आलेले ट्रायासिक काळातले हे एक महत्त्वाचे डोके.

हिस्लॉप यांनी आणखी दक्षिणेचे, प्राणहितेच्या काठचे जीवाश्मही गोळा केले. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यातले कोटा हे गाव आणि नदीपलीकडे, तेलंगणातील पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातले मलेरी हे गाव यांची नावे आज भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. कोटाचे थर ट्रायासिकनंतरच्या ज्युरासिक काळातले. मलेरीचे ट्रायासिकच्या उत्तरार्धातले. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. पुढे १८८५ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी मलेरीच्या एका लांब तोंडाच्या सरीसृपाला ‘पॅरासुकस हिस्लोपी’ असे नाव दिले.

मलेरीची माती लालसर आणि चिकण. तिच्यात शिंपले, फुफ्फुसमाशांचे दात, उभयचरांची हाडे, पोपटासारख्या वाकड्या चोचीचे रिंकोसॉर, सुसरीसारखे फायटोसॉर आणि मळसूत्रासारखे पीळ असलेले विष्ठेचे अश्म मिळतात. याच थरांत आणि त्यावरच्या धर्माराम नावाच्या थरांत एटोसॉरच्या कवचाच्या पट्टिकाही मिळाल्या आहेत.

कवचाने आधी माणसांना फसवले

एटोसॉरची पहिली ओळखच चुकीची होती. स्कॉटलंडच्या ईशान्येला एल्गिन परिसरात वाळूच्या दगडावर खवल्यांसारखे ठसे मिळाले. माशांचे जाणकार लुई अगासी यांनी १८४४ मध्ये ते माशाचे खवले समजून ‘स्टॅगोनोलेपिस’ हे नाव दिले. १८५९ पर्यंत थॉमस हक्सली यांनी दाखवून दिले, की हा मासा नसून मगरीशी नाते सांगणारा सरीसृप आहे. जर्मनीत स्टुटगार्टजवळ एकाच दगडी लादीवर वीसहून अधिक लहान एटोसॉर एकत्र मिळाले. ऑस्कर फ्रास यांनी १८७७ मध्ये त्यांना ‘एटोसॉरस’ म्हटले. त्याचा अर्थ ‘गरुड-सरडा’. निमुळती कवटी शिकारी पक्ष्याच्या डोक्यासारखी वाटली, म्हणून हे नाव पडले. पुढे संपूर्ण गटाचे नाव त्यावरूनच आले.

कवच सापडते जास्त, त्याला कारण आहे. एका प्राण्याच्या अंगावर शेकडो पट्टिका असतात आणि त्या जाड असतात. प्राणी मेला, पाण्याने अवशेष विखुरले, तरी त्यातल्या काही टिकतातच. कवटीची हाडे पातळ, पोकळ जागा असलेली. ती लवकर फुटतात. पट्टिकांवर खड्ड्यांची आणि उंचवट्यांची नक्षी असते. कुठे ती मध्यापासून किरणांसारखी पसरते, कुठे विखुरलेल्या खळग्यांची असते. १९८० च्या दशकापासून या नक्षीवरून आणि पट्टिकांच्या आकारावरून जाती ओळखण्याची पद्धत रुळली. अनेक एटोसॉरना नावे मिळाली ती अशीच, अंगरख्यावरून.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. टेक्सासमधून २०२४ मध्ये वर्णन झालेल्या ‘गार्झापेल्टा’ या एटोसॉरचे पाठकवच बरेचसे मिळाले आहे. पण त्याच्या मधल्या पट्टिका एका उपगटासारख्या दिसतात आणि कडेच्या पट्टिका दुसऱ्याच उपगटासारख्या. म्हणजे वेगवेगळ्या शाखांत सारखी वैशिष्ट्ये स्वतंत्रपणे तयार होऊ शकतात. नाते ठरवताना जर कवच असे गोंधळात टाकते, तर आहार ठरवताना त्यावर विसंबणे आणखीच धोक्याचे. आपल्याकडचे खवल्या मांजर याचे जिवंत उदाहरण आहे. अंगभर खवले, पण तोंडात एकही दात नाही आणि जेवण फक्त मुंग्या-वाळवी. खवले पाहून हे कुणी सांगू शकले नसते.

कवटीची रचना : काय पाहायचे?

एटोसॉरची कवटी शरीराच्या मानाने लहान. वरून पाहिली तर मागे रुंद आणि पुढे निमुळती, साधारण त्रिकोणी. डोळ्याची खोबण मोठी; तिच्यापुढे, मगरीच्या शाखेतल्या जुन्या प्राण्यांत असते तशी, हाडात आणखी एक खिडकी. नाकपुड्या लांबट आणि तुंडाच्या पुढच्या भागात. आहाराच्या दृष्टीने चार जागा महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा तुंडाचे टोक. अनेक एटोसॉरमध्ये ते पुढे थोडे पसरट आणि किंचित वर वळलेले असते. रानडुक्कर उसाच्या फडात नाकाने माती उकरते, तसे हे टोक जमीन उकरायला उपयोगी पडत असावे असा तर्क ॲलिक वॉकर यांनी १९६१ मध्ये स्टॅगोनोलेपिसच्या सविस्तर अभ्यासात मांडला. एल्गिनच्या दगडात पुष्कळदा हाड विरघळून जाते आणि फक्त त्याची पोकळी उरते. वॉकर यांनी अशा पोकळ्यांत लवचीक पदार्थ ओतून हाडांचे साचे काढले आणि त्यावरून प्राणी उभा केला.

दुसरी जागा खालच्या जबड्याचे पुढचे टोक. कित्येक जातींत तिथे दात नाहीत. बाजूने पाहिले तर जबड्याचा आकार चपलेसारखा, पुढे टोकदार. दात नसलेल्या या भागावर कासवासारखी शिंगमय चोच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिंगमय द्रव्य जीवाश्मात सहसा टिकत नाही. म्हणून ही चोच हाडाच्या ठेवणीवरून ओळखावी लागते.

तिसरी जागा दात. मांसभक्षक मगर-शाखीय प्राण्यांचे दात सुरीसारखे चपटे, मागे वाकलेले आणि कडेला करवतीसारखे असतात. बऱ्याच एटोसॉरचे दात मात्र बुटके, शंकूसारखे किंवा मुळाशी आवळलेले आणि वर फुगीर असतात.

चौथी जागा जबड्याचा सांधा. तो दातांच्या रांगेच्या पातळीत आहे की तिच्या खाली, यावर चावण्याची पद्धत ठरते. सांधा दातांच्या पातळीत असेल, तर जबडा कात्रीसारखा मागून पुढे मिटत जातो. सांधा खाली असेल, तर वरचे-खालचे दात जवळजवळ एकाच वेळी भेटतात. पाला किंवा मुळे दाबून चिरडायला ही दुसरी ठेवण सोयीची. अनेक एटोसॉरमध्ये सांधा खाली आहे.

अडकित्ता आणि चिमटा

जबडा म्हणजे एक तरफ. सुपारी फोडताना ती अडकित्त्याच्या खिळीजवळ धरतात, टोकाशी नाही. कारण खिळीजवळ जोर जास्त मिळतो. उलट चुलीतला निखारा उचलायचा चिमटा लांब असतो. त्याची टोके झटकन मिटतात, पण त्यांत जोर कमी. प्राण्याच्या जबड्यात खिळीच्या जागी सांधा असतो आणि हाताच्या जोराच्या जागी स्नायू. स्नायू सांध्यापासून जितका दूर जोडलेला आणि दात सांध्याच्या जितके जवळ, तितकी चावण्याची ताकद जास्त, पण वेग कमी. दात दूर गेले की वेग वाढतो, ताकद घटते.

कवटीवर स्नायू कुठे जोडले होते हे हाडावरच्या कडा आणि खळगे पाहून ठरवता येते. अंतरे मोजली की त्या जबड्याची गणना अडकित्त्यात करायची की चिमट्यात, याचा अंदाज येतो. अर्जेंटिनातील ज्युलिया डेसोहो आणि सर्जिओ विझकाइनो यांनी २००९ मध्ये ‘निओएटोसॉरॉइडीस’ या दक्षिण अमेरिकी एटोसॉरबाबत हेच केले आणि त्याची तुलना डेस्मॅटोसुकस व स्टॅगोनोलेपिसशी केली. निष्कर्ष असा, की तिघांचे जबडे एकाच कामाचे नव्हते. निओएटोसॉरॉइडीसचा जबडा चिरडण्यापेक्षा लवकर मिटण्याकडे झुकलेला होता. त्याच्या दातांना करवती कडा नाहीत आणि घासून आलेले सपाट भागही नाहीत. मऊ अन्न, त्यात किडे आणि अळ्याही, अशी शक्यता त्यावरून पुढे आली.

एका गटात किती तोंडे?

चांगल्या कवट्या मिळालेल्या जाती शेजारी ठेवल्या, तर फरक स्पष्ट होतो.

अर्जेंटिना आणि ब्राझीलमधला ‘एटोसॉरॉइडीस’ हा सर्वांत जुन्या एटोसॉरपैकी एक. त्याच्या तुंडाचे टोक पसरट नाही. दात चपटे, मागे वाकलेले आणि बारीक करवती कडांचे. ही लक्षणे मांस कापणाऱ्या पूर्वजांकडून आलेली दिसतात. लहान प्राणी, किडे किंवा मिळेल ते मांस त्याच्या आहारात असणे शक्य आहे. गटाची सुरुवात शुद्ध शाकाहारापासून झाली, असे म्हणणे त्यामुळे कठीण होते.

स्टॅगोनोलेपिसमध्ये उकरायला योग्य तुंड, फुगीर दात आणि दाबून चावणारा जबडा एकत्र येतात. मुळे, कंद, कोवळे कोंब, आणि उकरताना मिळालेले किडे असा मिश्र आहार त्याला शोभतो. रानडुकराची उपमा इथे आणखी एका अर्थाने लागू पडते : डुक्कर मुळेही खाते आणि गांडुळेही सोडत नाही.

डेस्मॅटोसुकसच्या वरच्या जबड्याचे पुढचे टोक दंतहीन आहे. आकार, कवच आणि जबडा पाहून त्याला बराच काळ पानखाऊ मानले गेले. ब्रायन स्मॉल यांनी २००२ मध्ये त्याच्या कवटीचा अभ्यास करून वेगळी शक्यता मांडली : अमेरिकेतला आर्माडिलो जसा माती उकरून किडे आणि अळ्या टिपतो, तसे हा प्राणीही करत असावा. एकाच कवटीवरून दोन जाणकार मंडळी दोन मतांना पोचतात, कारण उकरणारे तुंड मुळांसाठीही चालते आणि अळ्यांसाठीही.

टायपोथोरॅक्स हा रुंद, थाळीसारख्या अंगाचा एटोसॉर. एडवर्ड कोप यांनी १८७५ मध्ये त्याला नाव दिले ते मोजक्या तुकड्यांवरून. त्याची कवटी तपशिलात वर्णन होऊन प्रसिद्ध झाली ती २०२० मध्ये, म्हणजे जवळपास दीड शतकाने. एवढा काळ प्राणी माहीत होता, नाव माहीत होते, अंग माहीत होते. तोंडाबद्दल मात्र फारसे सांगता येत नव्हते.

दातही फसवतात

कवच फसवते म्हणून केवळ दातांवर भिस्त ठेवावी, तर इतिहास तिथेही सावध करतो. सुसरीसारख्या फायटोसॉरचे नाव पाहा. जर्मनीत गेओर्ग येगर यांनी १८२८ मध्ये हे नाव दिले, अर्थ ‘वनस्पती-सरडा’. जबड्यात दातांच्या खाचांत चिखल भरून दगड झाला होता. ते बोथट गोळे त्यांना शाकाहारी प्राण्याचे दात वाटले. खरे दात गळून गेले होते. आज फायटोसॉर शिकारी होते हे सर्वमान्य आहे, पण नाव तसेच राहिले.

दुसरे उदाहरण एटोसॉरच्या अगदी जवळच्या नात्यातले. ‘रेव्हुएल्टोसॉरस’ हे नाव १९८९ मध्ये फक्त दातांवरून दिले गेले. पानाच्या आकाराचे, कडेला मोठ्या दंतुर खाचा असलेले हे दात शाकाहारी डायनोसॉरचे मानले गेले. पुढे ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात दातांसह सांगाडे मिळाले आणि २००५ मध्ये उलगडा झाला, की हा डायनोसॉर नाही. एटोसॉरसारखाच मगर-शाखेतला कवचधारी प्राणी आहे. सारखे अन्न खाणाऱ्या दूरच्या प्राण्यांना सारखे दात येऊ शकतात. दात आहाराबद्दल काही सांगतात, कुळाबद्दल तितके नाही.

पोटातला पुरावा

आहाराचा सर्वांत सरळ पुरावा म्हणजे पोटातच राहिलेले जेवण. तसा दुर्मीळ पुरावा याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्याने दिला आहे, मात्र एटोसॉरचा नव्हे, तर हिस्लॉप यांचे नाव मिरवणाऱ्या पॅरासुकसचा.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ पॅमेला रॉबिन्सन आल्या आणि तिथे भूशास्त्राचे काम उभे राहिले. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्म, हे ऐकायला विचित्र. पण गोदावरी खोऱ्यातले अनेक महत्त्वाचे सांगाडे तिथूनच अभ्यासले गेले. मलेरीच्या थरांत पॅरासुकसचे दोन जवळपास पूर्ण सांगाडे मिळाले आणि शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. दोन्ही सांगाड्यांच्या पोटाच्या जागी आणखी एका सरड्यासारख्या सरीसृपाची हाडे होती. १९८० मध्ये त्याला रॉबिन्सन यांच्या सन्मानार्थ ‘मलेरिसॉरस रॉबिन्सनी’ हे नाव मिळाले.

पॅरासुकसचे तुंड लांब आणि सडपातळ; नाकपुड्या टोकाशी नसून डोळ्यांजवळ, वर उचललेल्या. असे तुंड पाहिले की सुसर आठवते आणि ‘हा मासे खात असणार’ हे वाक्य आपोआप तोंडात येते. पोटात मात्र जमिनीवर वावरणारा सरीसृप निघाला. पॅरासुकस मासे खात नव्हता असे यावरून ठरत नाही. पण केवळ मासे खात होता हे म्हणणे मात्र टिकत नाही. कवटी काय करू शकत होती ते आकारावरून कळते. प्राण्याने प्रत्यक्षात काय केले, ते सांगायला दुसरा साक्षीदार लागतो.

पॅरासुकसच्या नावाचीही एक अडचण होती. एकोणिसाव्या शतकातल्या मूळ नमुन्यांत फायटोसॉरबरोबर रिंकोसॉरचे हाडही मिसळले होते. २००३ मध्ये प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जुना नमुना बाजूला ठेवून पूर्ण सांगाड्यापैकी एकाला अधिकृत नमुना ठरवले. सुटी हाडे एकत्र वेचली की अशी सरमिसळ होते.

भारतीय एटोसॉर : कवच आहे, डोके हवे

मलेरीच्या वरच्या बाजूला असलेल्या धर्माराम थरांतून २०२३ मध्ये ‘वेंकटसुकस आर्मेटम’ या नव्या एटोसॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आणि कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी ते केले. ओळख पटली ती कवचाच्या पट्टिकांवरून. नक्षी आणि आकार पाहता तो टायपोथोरॅक्सच्या उपगटातला ठरतो. त्यामुळे अमेरिकेतल्या आणि भारतातल्या थरांची वये जुळवायला मदत होते. एकाच गटाचे प्राणी जोडलेल्या खंडांवर किती दूर पसरले होते हेही दिसते. कवच एवढे काम चोख करते.

पण वेंकटसुकस काय खात होता? टायपोथोरॅक्स त्याचा नातेवाईक, म्हणून त्याचाच आहार याला चिकटवणे सोपे आहे. वरची सगळी उदाहरणे याच घाईविरुद्ध सावध करतात. एकाच गटात कापणारे दात आणि चिरडणारे दात, अडकित्त्याचा जबडा आणि चिमट्याचा जबडा सापडला आहे. शिवाय शेजार वेगळा असला की जेवणही बदलते. खालच्या मलेरी थरांत रिंकोसॉर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या वरच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगा आणि मधे खाच, तर खालचा जबडा त्या खाचेत पात्यासारखा बसतो. चिवट झाडपाला कापण्याचे हे पक्के यंत्र. अशा शेजाऱ्याबरोबर राहणाऱ्या एटोसॉरला पाल्यावर हक्क सांगणे सोपे नसणार. वरच्या थरांत रिंकोसॉर मागे पडतात आणि सॉरोपॉडांच्या पूर्वजांसारखे लांब मानेचे डायनोसॉर दिसू लागतात. जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसत होते, हे त्या त्या थरातले सगळे जबडे एकत्र पाहिल्यावरच कळेल.

यासाठी हाड जिथे मिळाले ती जागा महत्त्वाची असते. कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी, कोणत्या बाजूला तोंड करून ते पडले होते, ही माहिती हाड उचलताच नष्ट होते. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे प्राचीन वृक्षांचे अश्म जागेवरच राखून जीवाश्म उद्यान केले आहे, त्यामागेही हाच विचार आहे. प्राणहितेच्या काठी शेतात किंवा नाल्यात हाडासारखा दगड दिसला, तर तो घरी नेण्यापेक्षा जागेवरच ठेवून, छायाचित्र घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवणे उपयोगाचे. नक्षीदार पट्टिकेजवळ एखादा बोटाएवढा जबड्याचा तुकडा पडलेला असू शकतो, आणि प्रश्नाचे उत्तर त्या तुकड्यात असते.

थोडक्यात

एटोसॉरचे कवच त्यांचे कुळ आणि काळ ओळखायला मदत करते, आहार सांगत नाही. आहारासाठी तुंडाचे टोक, चोचीची जागा, दात आणि जबड्याचा सांधा हे चारही पुरावे एकत्र वाचावे लागतात. आणि ते वाचल्यावर या गटात किडे टिपणारे, मुळे उकरणारे, मिळेल ते खाणारे असे वेगवेगळे प्राणी होते असे दिसते. भिगवणच्या पाण्यावर एका नजरेत जे कळते, ते कळायला २० कोटी वर्षांनंतर एक कवटी लागते. भारतीय एटोसॉरच्या बाबतीत पुढचा महत्त्वाचा शोध आणखी एका पट्टिकेचा नसून एका जबड्याचा असेल.